ग्रिम्सबाईंचा तयारी-तक्ता

ग्रिम्सबाई हल्ली नेमकं काय करतात, ते चर्चमधल्या बायकांना काही केल्या समजेना. एकतीस वर्षं शाळेत काढली, त्यातली सतरा मुख्याध्यापिका म्हणून, हे समजण्यासारखं होतं. पण रिटायर झाल्यावर बाई ‘कोच’ झाल्या म्हटल्यावर अर्ध्याजणींना वाटलं, बास्केटबॉलच्या. बाईंचे गुडघे पाहता ते कुणाला पटेना. शेवटी एका रविवारी प्रार्थनेनंतर कॉफीच्या टेबलाशी धाकट्या बहिणीनं, अर्नेस्टीननं, सगळ्यांचं शंकानिरसन केलं.

"अगं, शाळेच्या मुख्याध्यापिकेसमोर जाऊन बसायचं आणि गप्प राहायचं. त्याचा तिला पगार मिळतो. घरी आम्ही इतकी वर्षं फुकट सांगत होतो गप्प बस म्हणून, तेव्हा नाही जमलं."

यात खोटं काहीच नव्हतं, हीच तर पंचाईत. कुठल्या पोराला वर्गाबाहेर काढतात, कुणाचा वर गेलेला हात शिक्षकांना दिसतो आणि कुणाचा दिसत नाही, वरच्या वर्गात कोण चढतं आणि खाली कोण राहतं, या सगळ्यात कातडीचा रंग कसा गुपचूप शिरतो, ते मुख्याध्यापकांना त्यांच्याच डोळ्यांनी बघायला लावायचं, हे ग्रिम्सबाईंचं काम. त्यासाठी तीन आठवड्यांचं प्रशिक्षण झालं होतं, आणि त्या तीन आठवड्यांचं सार एवढंच की सांगायचं नाही, विचारायचं. प्रश्न टाकायचा आणि समोरचा स्वतः बोलेपर्यंत मूग गिळून बसायचं.

आता ज्या बाईंची अख्खी हयात सांगण्यात गेली, दुकानाच्या रांगेत परक्याच्या पोराला जी बाई ‘शर्ट खोच’ म्हणून सांगते, तिला हे जमायचं कसं? सरावाच्या वेळी पहिल्याच मिनिटाला त्यांनी समोरच्या मुख्याध्यापकाला विचारलं होतं, "तुमचं चुकतंय असं तुम्हाला नाही का वाटत?" शिकवणारी पोरगी म्हणाली, हा प्रश्न नाही झाला. बाई म्हणाल्या, मग उत्तर का आलं त्याला? तो बिचारा ‘हो’ म्हणाला होता.

तर अशा या बाई दर मंगळवारी आणि गुरुवारी सरोवराच्या बाजूच्या लिंडेनहिल शाळेत जाऊन जीभ चावत बसायच्या. तिथली मुख्याध्यापिका कर्स्टन ओल्मस्टेड, वय छत्तीस, बाई काळ्या तर ही गोरी, मनानं चांगली, पण डोळ्याला पाणी फार लवकर. दुसऱ्याच भेटीत तिनं टिपं गाळली होती. बाईंनी पर्समधला रुमाल दिला, आणि आपण काय छान धीरगंभीर बसलो होतो, असं स्वतःच स्वतःचं कौतुक करत घरी आल्या. खरं तर तेव्हा त्या मनात रात्रीच्या जेवणाला काय करावं याचा विचार करत होत्या.

मार्चमधल्या एका गुरुवारी दोघी सातवीच्या गणिताच्या तासाला मागे जाऊन बसल्या. शिक्षक डोंब्रॉव्स्की, सव्वीस वर्षं तिथेच शिकवणारे. बाईंच्या मांडीवर कागद. कुणाला कितीदा विचारलं, कुणाला कितीदा टोकलं, त्याच्या रेघोट्या मारायचं काम. तिसऱ्या रांगेत झनाया प्रूइट नावाची काळी पोरगी होती, वेण्यांच्या टोकांना पिवळे मणी लावलेली. तिचा हात चारदा वर गेला, सरांना दिसला नाही. पाचव्यांदा तिनं हात वर न करताच सांगितलं, "सर, तिथं उणे पाहिजे." सरांनी फळ्याकडे पाहिलं, उणे केलं, आणि झनायाला मध्ये बोलल्याबद्दल पाच मिनिटं बाहेर उभं केलं. बाईंच्या जिभेला चावल्याचा वळ उठला असेल त्या दिवशी.

तास संपल्यावर कर्स्टनच्या खोलीत दोघी समोरासमोर बसल्या. पुढच्या गुरुवारी यादी लागायची होती. आठवीत बीजगणिताच्या वर्गाला कोण बसणार, त्याची. अठ्ठावीस जागा. त्या वर्गात जो बसला त्याला पुढे सगळं वरचं गणित मोकळं, जो नाही बसला तो कायमचा एक वर्ष मागं, आणि मागचा पुढे गेलेला कुणी पाहिला नव्हता. सातवीतली निम्म्याहून जास्त पोरं काळी. यादीत काळी तीन.

"झनाया आहे यादीत?" बाईंनी विचारलं. हा मात्र खरा प्रश्न होता.

"नाही," कर्स्टन म्हणाली. "पण मिसेस ग्रिम्स, इथे कुणी मनानं ठरवत नाही. सगळ्या पोरांना एकच तक्ता लावतो आम्ही. आमच्या भागातल्या सगळ्या शाळांत तोच चालतो. रंगाचा त्यात कुठं उल्लेखसुद्धा नाही." आणि तिनं ड्रॉवरमधून एक कागद काढून टेबलावर ठेवला.

‘तयारी-तक्ता’. पाच रकाने, दर रकान्याला वीस गुण. गृहपाठ वेळेवर. हात वर करूनच बोलतो किंवा बोलते. जागेवर शांत बसतो किंवा बसते. पालकांची सभांना हजेरी. आणि सगळ्यात शेवटी, जणू आठवलं म्हणून, परीक्षेतले गुण.

"आणि हा कोपऱ्यातला कोळी कशासाठी आहे, ते कुणालाच माहीत नाही," कर्स्टन हसून म्हणाली.

तो कोळी नव्हता. सूर्यफूल होतं. एकोणीस वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावर बसून ग्रिम्सबाईंनी ते स्वतःच्या हातानं काढलं होतं, आठ पाकळ्यांचं, कागद फार रुक्ष दिसतोय म्हणून. नकलेची नक्कल होत होत पाकळ्यांच्या तंगड्या झाल्या होत्या.

तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याचा भरवसा नव्हता, म्हणून बाईंनी ते बंद ठेवलं. घड्याळाचा सेकंदकाटा दोनदा फिरला. समोर कर्स्टन आधी चुळबुळली, मग तिनं कागद उचलून पुन्हा वाचला.

"शांत बसण्याला वीस," ती स्वतःशीच म्हणाली. "आणि गणिताला पण वीसच? सभेला येण्याला वीस... पण आमच्या सभा तर दुपारी चारला असतात. कामाच्या पाळीवर जाणाऱ्या आयांनी यायचं कसं?" तिचे डोळे भरून आले. "बाप रे. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, मिसेस ग्रिम्स. तुमच्या गप्प बसण्यात केवढी ताकद आहे."

त्या दिवशीच्या अभिप्रायाच्या कागदावर तिनं ‘अप्रतिम’ असं लिहिलं. नोकरीतला तो बाईंचा सर्वोत्तम दिवस ठरला, आणि बाई गाडीत बसून किल्ली हातात धरून पंधरा मिनिटं नुसत्या समोर बघत राहिल्या.

शुक्रवारी संध्याकाळी पाचला, नेहमीप्रमाणे, दोघी बहिणी तळलेला मासा आणि कोबीची कोशिंबीर घेऊन टेबलाला बसल्या. फ्रीजच्या वर भिंतीला एक लाकडी पाटी होती. ‘समान संधीसाठी केलेल्या कल्पक कार्याबद्दल, श्रीमती व्हर्नीटा ग्रिम्स यांस.’ कल्पक कार्य म्हणजे तोच तक्ता.

"मी वाईट हेतूनं नव्हता केला," बाई म्हणाल्या.

"कोण म्हणतंय?" अर्नेस्टीननं काटा काढून बाजूला ठेवला.

"तेव्हा नुसत्या परीक्षेवर निवड व्हायची. गोऱ्यांची पोरं शिकवण्या लावून लावून पुढं. मला वाटलं, आपली पोरं कष्टाळू आहेत, वळणाची आहेत, त्याचेही गुण मिळू देत त्यांना."

"आणि वळण कुणी मोजायचं म्हणून ठरवलंस?"

"शिक्षकांनी."

"कुठल्या शिक्षकांनी, व्हर्न?"

शिक्षक बहुतेक सगळे गोरे होते. वर्षभर बाई लोकांच्या शाळांत जाऊन, तुमच्या चांगल्या हेतूंतून काय निघालं ते बघा, असं नाकानं कांदे सोलत सांगत होत्या. सांगत नव्हत्या, विचारत होत्या, म्हणजे आणखीच वाईट.

"मग सांगणार का त्या पोरीला?" अर्नेस्टीननं विचारलं.

"कर्स्टनच्या लक्षात आलंय सगळं. तक्ता आता जाईलच. माझं नाव मध्ये कशाला? उगाच सगळं लक्ष माझ्याकडे वळेल आणि पोरांचं राहील बाजूला." हे बोलताना बाईंना स्वतःचाच आवाज इतका समंजस वाटला की त्या क्षणभर फसल्या.

"फारच निःस्वार्थी बाई तू," अर्नेस्टीन म्हणाली, आणि लोणच्याची बरणी त्यांच्या पुढ्यात सरकवली.

मंगळवारी कर्स्टननं डोंब्रॉव्स्की सरांना बोलावून घेतलं. टायवर मोहरीचा डाग, हातात तक्त्यांचा गठ्ठा, चेहऱ्यावर आपल्याला कशासाठी बोलावलंय ते पक्कं माहीत असल्याचा भाव. कर्स्टननं तिचं म्हणणं मांडलं, अडखळत का होईना, पण चांगलं मांडलं. सर ऐकून घेत होते. मग म्हणाले:

"मॅडम, एक गोष्ट लक्षात घ्या. हा तक्ता कुणा गोऱ्या माणसानं बनवलेला नाही. एका काळ्या मुख्याध्यापिकेनं बनवलाय, याच भागातल्या. आम्हाला प्रशिक्षणात मुद्दाम सांगितलं होतं. तिला पुरस्कारसुद्धा मिळाला. मग यात रंगाचा भेद आहे असं मी कसं मानू?"

कर्स्टननं आशेनं ग्रिम्सबाईंकडे पाहिलं. आता बाईंच्या जिभेवर एक तयार प्रश्न होता, प्रशिक्षणातला, सगळ्या प्रसंगी चालणारा: ‘तुम्हाला याबद्दल काय वाटतं?’ तो टाकला असता तर सर आणि मॅडम अर्धा तास एकमेकांना समजावत बसले असते आणि बाई अब्रूनिशी घरी गेल्या असत्या. परवापासून त्या मनात हाच बेत घोटत होत्या. पण गठ्ठ्यातल्या सगळ्यात वरच्या तक्त्यावर झनाया प्रूइटचं नाव होतं, आणि कोपऱ्यात तो आठ तंगड्यांचा प्राणी बाईंकडे बघत होता.

"ती मुख्याध्यापिका मी," बाई म्हणाल्या. "हा माझा आहे. आणि हा कोळी नाही, सूर्यफूल आहे."

कर्स्टननं तोंडावर हात धरला. "म्हणजे गुरुवारी तुम्ही..."

"गुरुवारी मी काही ताकदबिकद दाखवत नव्हते, बाळ. मी घाबरले होते. तू मला अप्रतिम लिहून दिलंस. तो कागद मागे घ्यायचा असेल तर घे."

डोंब्रॉव्स्की सरांना हे सगळं अवघड झालं असावं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मग तुम्हीच सांगा. चुकीचा आहे?"

"सांगते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, एरवी मला मनाई आहे. चुकीचा आहे. मी शिस्तीला गुण ठेवले आणि शिस्त कशाला म्हणायचं ते लिहिलंच नाही. वर्गात दोन पोरं सारखाच दंगा करतात, सर. तुम्हाला आधी कुणाचा आवाज येतो?"

"जो मोठा असतो त्याचा," सर फणकाऱ्यानं म्हणाले. मग त्यांनी काहीतरी करायचं म्हणून गठ्ठ्यातला वरचा कागद हातात घेतला. परीक्षा, वीसपैकी एकोणीस. सभांना हजेरी, शून्य. हात वर करून बोलणे, पाच. शांत बसणे, चार. सरांनी त्या चारावर बोट ठेवलं.

"अक्षर माझंच आहे," ते म्हणाले. "ही पोरगी फळ्यावरच्या माझ्या चुका काढते. सांगायला लाज वाटते, पण त्याचेच चार दिलेत मी." आणि पुढं कुणी काही बोलायच्या आत त्यांनी गठ्ठा टेबलावर पालथा केला. "मला नुसते परीक्षेचे गुण लावून बघू द्या."

नुसते परीक्षेचे गुण लावल्यावर आणखी अकरा पोरं वर आली, त्यातली नऊ काळी. अठ्ठावीस जागांत ती मावेनात. सरांनी आपला रिकामा तास देऊन दुसरी तुकडी घ्यायची तयारी दाखवली, पण वर असंही बजावलं की हे आपण कुणाच्या सांगण्यावरून करत नाही आहोत. बाईंनी मान हलवली. अकरा घरी पत्रं गेली. पालकांनी सही करून शुक्रवारपर्यंत परत पाठवायचं होतं. सही नाही तर जागा नाही, कारण जागांसाठी मागे रांग होतीच. गुरुवारपर्यंत दहा पत्रं आली. झनायाचं आलं नाही.

शुक्रवारी सकाळी झनायाची आई स्वतःच शाळेत आली. तो बाईंचा वार नव्हता, पण राहिलेल्या पत्रासाठी त्या कर्स्टनच्या खोलीत येऊन बसल्या होत्या. डनेशा प्रूइट, सिटी बसची ड्रायव्हर, दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात, अंगावर गणवेश. दारातून आत पाऊल टाकलं आणि तिची नजर कर्स्टनवरून घसरून कोपऱ्यातल्या खुर्चीवर गेली.

"मिसेस ग्रिम्स? अजून आहात तुम्ही?"

"आहे अजून," बाई म्हणाल्या. चेहरा ओळखीचा वाटला, नाव जुळेना. सतरा वर्षांत पोरं थोडी होती का?

"मी डनेशा. तेव्हाची डनेशा हॉलिस. तुम्ही सकाळी दारात उभ्या राहून एकेकाचं नाव घ्यायच्यात आणि माझं आलं की म्हणायच्यात, ‘हॉलिस, तोंड मिटून आत.’" ती हसली. मग पत्र पुढं ठेवून कर्स्टनला म्हणाली, "हे परत द्यायला आले. सही नाही केली. तुम्ही आठवण ठेवलीत पोरीची, आभार. पण हे आमच्यासाठी नाही."

"पण तिचे गुण इतके..." कर्स्टननं सुरुवात केली.

"मॅडम, आमच्या घराण्यात गणिताचं डोकं नाही. मला नव्हतं. लहानपणी मलाही वाटायचं, येतंय येतंय. मग यादी लागली, माझं नाव नाही. आई म्हणाली जाऊन भांड. मी म्हटलं, नाही, यादीवर मिसेस ग्रिम्सची सही आहे. त्या आपल्या आहेत. त्या उगाच कुणाला मागे ठेवायच्या नाहीत. त्यांनी ठरवलं म्हणजे बरोबरच असणार." तिनं बाईंकडे मान वळवली. "आणि बरंच झालं, नसता ताप वाचला. पोरीला कुणी वर चढवावं आणि तिनं तोंडावर पडावं, हे मला बघवणार नाही. ती पडली की मग तिला स्वतःचं काही खरं वाटायचं नाही."

कर्स्टन काही बोलणार तोच बाईंनी हात वर केला. आयुष्यभर शेकडो पोरांना जी गोष्ट बजावली ती त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतः केली असेल.

"डनेशा, तुझी आई सभांना यायची?"

"कशी येणार? हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात होती. दुपारी निजायची."

"त्याचे तुझे वीस गुण गेले. वर्गात तू हात वर करून बोलायचीस?"

"मी?" डनेशाला हसू आलं. "माझं तोंड कधी मिटलेलं असायचं?"

"त्याचेही गेले. शांत बसण्याचेही. तुझं गणित त्या कागदावर शंभरात वीस होतं, आणि बाकीचं ऐंशी म्हणजे मी. तो कागद मी तयार केला होता. चुकीचा केला होता. तुला परीक्षेत किती होते ते मला आठवत नाही, आणि आठवतंय असं खोटं सांगणार नाही. पण तुझं डोकं कधी तपासलंच नाही गं आम्ही. माझी सही होती त्या यादीवर, आणि माझं चुकलं."

डनेशाचं हसू जागच्या जागी राहिलं. ती खुर्चीत बसली.

"डेपोत वेळापत्रकाची सगळी आकडेमोड माझ्याकडून करून घेतात," ती म्हणाली. "कुणाची बस कुठं किती मिनिटं उशिरा पोचणार, मी तोंडी सांगते. आणि दर वेळी वर म्हणते, बघा हं, मला गणित येत नाही. एकोणीस वर्षं हेच म्हणतेय. पोरीसमोर म्हणतेय."

बाईंच्या डोळ्यांना धार लागली. रुमाल पर्समध्ये होता आणि पर्स गाडीत. कर्स्टननं, तिच्या डोळ्यांत आज चक्क पाण्याचा थेंब नव्हता, टेबलावरचा कागदी रुमालांचा डबा बाईंकडे सरकवला.

डनेशानं पेन उचललं आणि पत्रावर सही केली. पेन मात्र तिनं खाली ठेवलं नाही.

"आम्ही मागच्या बाकावर पाचजणी होतो," ती म्हणाली. "पाचहीजणींची नावं यादीत नव्हती. बाकीच्या चौघींना सांगितलंत हे?"

"नाही."

"मला का सांगितलंत? माझी पोरगी तुमच्यासमोर आली म्हणून. त्यांच्या पोरी दुसऱ्या शाळांत आहेत. तिथं हाच कागद चालतो ना?"

"हाच चालतो," बाई म्हणाल्या. "तिथं मी जाईन. कार्यालयात पण जाईन. सोमवारीच."

"कार्यालयात जा तुम्ही खुशाल. मी त्यांचं विचारतेय. त्यांना वाटतंय, आपण ढ आहोत. आत्ता, या मिनिटाला वाटतंय."

डनेशानं खिशातून फोन काढला आणि त्या चौघींतल्या एकीचा नंबर लावला. पलीकडे कुणीतरी उचलला.

"किओना? कामावर आहेस? मग जरा बाहेर ये. नाही, कुणी मेलं नाही. तुझ्याशी एकजणीला बोलायचंय, नीट ऐकून घे."

तिनं फोन पुढं केला. ग्रिम्सबाईंनी नाक पुसलं, फोन घेऊन कानाला लावला आणि आपलं नाव सांगितलं.